तळातलं ऊन

टेम्पोवाल्याने खोका आमच्या पडवीत उतरवला आणि सहीसाठी कागद पुढे केला. सही करताना मी घाई करत नाही. चाळिशी उलटल्यावर शिकलेली सही आहे, ती पुरी करते. सुंदरा यशवंत कोयंडे. टेम्पोवाला या पायावरून त्या पायावर होत होता. त्याला वाटलं असेल, म्हातारी कागद वाचते आहे. माझी नजर मात्र खोक्याच्या बाजूवर गेली होती आणि तिथेच अडकली होती.

इंग्रजीतली मला तीनच अक्षरं येतात. ती मी वर्गात शिकले नाही. मोर्चाचे फलक रंगवताना शिकले. काळ्या रंगाने ती तीन अक्षरं काढायची आणि वाळली की त्यांच्यावर लाल फुली मारायची. एल, ई, डी.

तीच अक्षरं आज माझ्या नावाने माझ्या पडवीत आली होती, आणि समोर खारे बांगडे वाळत घालणाऱ्या दोघीजणी हात थांबवून बघत होत्या.

आमच्या मोरवेळ गावात ती अक्षरं म्हणजे शिवी होती. गाव रापणीचं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. दोराला हात लावील त्याला वाटा, मग तो म्हातारा असो, विधवा असो की रस्त्याने चाललेला पाहुणा. पुढे बाहेरच्या बंदरांतून मोठ्या बोटी येऊ लागल्या. त्यांच्यावर जनरेटर, आणि जनरेटरवर असे दिवे की समुद्रात शहर वसलंय असं वाटावं. ते दिवे पाण्यावर धरायचे, पाण्यात सोडायचे. मासा उजेडाला भुलतो. लांबलांबचा मासा त्या दिव्यांखाली गोळा व्हायचा आणि एका फेरीत उचलला जायचा. आमच्या रापणीत मग शेवाळ आणि तुटकी चप्पल.

बंदी होती, पण कायदा कागदावर आणि बोटी पाण्यावर. त्यांच्या आडवा गेला तो माझा दीर, आत्माराम. एका बोटीने त्याची होडी चेपली. दोन्हींच्या मध्ये त्याचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली, उरलेली वळत नाहीत.

त्या साली नारळी पौर्णिमेला पावणाईच्या देवळापुढच्या मांडावर, जिथे गावाची बैठक बसते तिथे, आत्मारामाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गावाच्या वतीने एकाने देवीपुढे मोठ्याने बोलायचं आणि प्रत्येक बोलाला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं, की ते गावाचं वचन झालं. वचन असं झालं, की ह्या गावातला कोणी एलईडीचा दिवा पाण्यावर पेटवणार नाही.

लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. घराघरांतले एलईडी बल्ब काढून पोत्यात भरले गेले आणि जुने पिवळे बल्ब परत आले. देवळात पिवळा, शाळेत पिवळा, लग्नाच्या मांडवात पिवळा. बिलं वाढली, तरी कोणी कुरकुरलं नाही. वायरमन म्हणायचा, तुमच्या गावात आलो की मला बापाच्या लग्नाचे फोटो आठवतात. आम्ही हसायचो, पण आतून छाती फुगलेली असायची. आमच्यासारखा हट्ट किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्या गावाने केला नव्हता.

आणि आता माझ्याच पोटची पोर.

दर्शना बर्फाच्या जुन्या कारखान्यातून धावत आली. हात कोपरापर्यंत ओले, मिठाचे पांढरे डाग सुकलेले. मी खोक्याकडे बोट केलं.

"तुझ्या नावार मागवलंय, आये," ती म्हणाली. "माझ्या नावाचो खोको गावात कोणी ठेवन घेतलो नसतो."

"आणि माझ्या नावाचो ठेवन घेतत म्हणान माझा नाव बुडवतंस?"

ती वाकली. खोक्याच्या कडा दाबून बघू लागली, आत काही फुटलंय का ते.

तिचं काम काय होतं ते सांगायला हवं. मत्स्यविज्ञान शिकून तिने रत्नागिरीला नोकरी धरली होती, ती सोडून गावी आली. आमच्या किनाऱ्यासमोर खडक आहेत, त्यांच्यावर प्रवाळ वाढतं. बोटींचे नांगर त्या खडकांवर आपटून प्रवाळ मोडत होतं. मोडलेला तुकडा वाळूत पडला की मरतो. तसे पडलेले तुकडेच तेवढे उचलायचे, टाकीत जगवायचे, मोठे करायचे आणि परत खडकावर नेऊन लावायचे, अशी परवानगी तिने खेटे घालून मिळवली. बर्फाचा कारखाना बंद पडला होता, ती शेड गावाने दिली. काचेची टाकी आली ती आठ फूट लांब आणि तीन फूट खोल. ट्रकमधून उतरवायला रापणीचे सगळे गडी लागले होते. आत्माराम डाव्या हाताने काच धरून सगळ्यांत पुढे होता.

तुकडे दगडासारखे दिसतात, म्हणून गाव दर्शनाला 'दगडांची आवस', म्हणजे दगडांची आई, म्हणू लागलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही. ती येईल त्याला समजावून सांगायची. हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. एकेका तुकड्यावर शेकडो बारीक जीव घर करून असतात आणि त्यांच्या अंगात त्याहूनही बारीक, डोळ्याला न दिसणारी वनस्पती राहते. ती उजेडावर रांधते आणि घरमालकाला वाढते. उजेड कमी पडला की चूल विझते.

चूल विझायला आली होती. दिवाळीनंतर सरकारी तपासणीचं पथक येणार होतं. तुकडे तरारलेले दिसले तर हे प्रवाळाचं केंद्र मोरवेळला राहणार, नाहीतर उरलेसुरले तुकडे डब्यांत घालून लांबच्या शहरातल्या संस्थेत नेणार. आमच्या खडकावरची लेकरं आमच्या खडकावर परत यायची नाहीत. दर्शनाचं गावातलं कामही तिथेच संपणार होतं.

वचनाला धक्का लागू नये म्हणून पोरीने काय काय करून पाहिलं होतं. आधी ट्यूबलाइट लावल्या. वरच्या दगडांवर ठेवलेले तुकडे बरे राहिले, पण तीन फूट पाण्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत त्या उजेडात जीव उरत नसे. तळाचे तुकडे आधी तपकिरी झाले, मग त्यांची कड झिजायला लागली. कोणी म्हणालं, नाटकवाल्यांचे हॅलोजन लावा. ते लावले तर पाणी तापलं आणि दोन तुकडे पांढरे पडले. मग गड्यांनी छपराचे पत्रे काढून तिथे पारदर्शक पत्रे घातले. ऊन टाकीवर यायचं ते दुपारचं, कडक, आणि काचेवर हिरवं शेवाळ धरायचं. ढग आले की तेही नाही. पाण्याखाली ऊन निळं होतं हे ऐकून किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने आपल्या पाटीची झगमगाटी निळी निऑन नळी आणून दिली. दर्शनाने ती लावून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, निळं दिसणं वेगळं आणि अंगात निळं असणं वेगळं.

मग एके दिवशी कॉलेजातल्या बाईंकडून तिने एक यंत्र आणलं. तारेच्या टोकाला बोटाएवढा डोळा. आत्मारामाची होडी घेऊन ती खडकांपाशी गेली, मीही बरोबर होते. तुकडे जिथून आले तिथे, पाण्याखाली, तिने तो डोळा सोडला. आत्मारामाने वल्हं थांबवून विचारलं, काय मोजतंस गो. ती म्हणाली, ऊन. तो हसला. मग मात्र त्याने होडी तिथेच, लाटेवर हलू न देता, धरून ठेवली. एका हाताने तसं धरणं सोपं नसतं.

ते आकडे घेऊन ती बरेच दिवस फोनवर बसली होती. पुण्याचा एक दुकानदार दोन मोठ्या दिव्यांत काम भागेल म्हणत होता. ही म्हणे, भागेल म्हणजे दिव्यांखालचे जेवतील आणि मधले उपाशी राहतील. लांब टाकीला एकाच ठिकाणची आग उपयोगाची नाही. चार दिवे हवेत, ओळीने टांगायचे, एकाचा उजेड दुसऱ्यात मिसळेल असे. वर भिंग असं की तळापर्यंत पोहोचेल पण एकाच जागी भाजणार नाही. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमीजास्त करता यायला हवा. मी हे सगळं ऐकत होते, पण दिव्याचं नाव तिने घेतलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. खोका आला तेव्हा कळलं.

आत्माराम दुपारी आला. त्या बांगडेवाल्या दोघींनी टेम्पो गावाबाहेर पडायच्या आत बातमी पोहोचवली असणार. तो पडवीत बसला, चहा मागितला, होडीच्या डांबराबद्दल बोलला, कोणाची म्हैस व्याली ते बोलला. खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग कप ठेवून म्हणाला, "वयनी, त्या खोक्यार काय लिवला आसा, ता माका वाचूक येणा नाय."

तो सातवी पास आहे.

"पुठ्ठो चुलीत घाल," तो पुढे म्हणाला. "दिवे टाकयेर चढव. कोणी इचारल्यान तर नव्या तऱ्हेच्यो ट्यूबी म्हणान सांग. लोकांका मी गप करतंय."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. ज्याचा हात गेला तो माणूस हे म्हणत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी खोका फोडायला कोयता आणण्यासाठी उठणारच होते. दर्शना दारात येऊन उभी राहिली होती.

"काका, तसा नको."

"कित्याक नको?"

"दोराक हात लावल्याशिवाय वाटो नाय, ह्या तुमीच माका शिकवल्यात. गावाक न इचारता दिवो लावलंय, तर त्या टाकयेत गावाचो वाटो खंय रवलो?"

आत्मारामाने रिकामा कप बाजूला सारला. मग लहान पोराला सांगावं तसं हळू बोलला. "मांडार इचारलंस, तर मी नाय म्हणतलंय. ह्या घरात मी तुझो काका. थंय नाय."

"म्हायत आसा माका."

"मी नाय म्हटलंय तर गाव नाय म्हणतलो."

"ता पण म्हायत आसा."

"मगे?"

"मगे दिवे परत जातले आणि तुकडेय जातले. पण चोरान जगूचे नाय ते."

तो उठला. पायरीवर थांबून माझ्याकडे बघत म्हणाला, "माझो भाव, तुझो घोव, असोच होतो, वयनी. मागलो दरवाजो उघडो असलो तरी पुढल्या दारातच धडकत."

तो गेल्यावर मी दर्शनाला खूप बोलले. म्हटलं, ज्याने नाही म्हणायचं तोच हो म्हणत होता आणि तू त्याला मांडावर उभं करून नाही म्हणायला लावणार. शिकून शिकून हेच शिकलीस का. तुझ्या तुकड्यांपेक्षा तुझं खरेपण मोठं झालं का. ती खाली मान घालून आमटीभात जेवत होती. ताट धुतल्यावर एवढंच म्हणाली, "काकांची माया माका मिळाली, आये. ती पुरे. आता होकार व्हयो, तो मायेन मिळणा नाय."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळची पूजा झाल्यावर गाव मांडावर जमतो. दर्शनाने खोका डोक्यावर घेतला. मी म्हटलं, निदान ती अक्षरं मागच्या बाजूला कर. तिने खोका फिरवला, आणि अक्षरं पुढे केली.

आमच्या घरापासून मांडापर्यंत सगळी वस्ती ओलांडावी लागते. लोक ओट्यावर आले. एकाने पडवीतून टोमणा मारला, दगडांची आवस आज बोटवाल्यांची पाहुणी झाली वाटतं. ती थांबली नाही, चालता चालता त्याला म्हणाली, मांडावर ये, तिथे बोलू. मी तिच्या मागे चालत होते. मी उभं आयुष्य माशांची टोपली डोक्यावर घेऊन बाजार केला. भरल्या ओझ्याखाली मान कशी धरायची असते ते मला कोणी सांगायला नको. पोरीने मान तशीच धरली होती, आणि ती मी तिला कधी शिकवली नव्हती.

मांडावर ती सगळं बोलली. ट्यूबलाइटचं, हॅलोजनचं, छपराचं. दिव्याला दुसरं नाव दिलं नाही. एलईडी आहे म्हणाली, बोटींवर असतो त्याच जातीचा. तुम्ही हो म्हणाल तर टांगते, नाही म्हणाल तर उद्याच्या टेम्पोने परत.

आत्माराम उठला. बोलल्याप्रमाणे तो विरोधात बोलला, आणि दाखवण्यापुरता नाही, मनापासून बोलला. "आज टाकयेर पेटात, फाल्या कोणतरी म्हणात होडयेर पेटवूया. दिवो काय पाणी ओळखणा नाय." त्याने हात उंच केला नाही. तशी गरजच नव्हती, सगळे तिकडेच बघत होते.

कुजबुज सुरू झाली. रापणीचे तरुण गडी दर्शनाच्या बाजूने होते, टाकी त्यांनीच उचलली होती. ज्यांच्या होड्या त्या दिवसांत फुटल्या ते आत्मारामाच्या बाजूने. गुरव म्हणाला, देवीला कौल लावू, मूर्तीला पानं चिकटवू. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. लोकांना ते बरं वाटलं. कौलावर सोडलं की कोणी कोणाच्या तोंडाला लागत नाही.

आत्मारामानेच ते मोडलं. "देवीक कित्याक मधी घालतास? वचन तिना दिल्यान नाय, आमी दिला."

तेव्हा सगळ्यांत म्हातारे मानकरी फोंडूआबा बोलले. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे ते क्वचित बोलत आणि बोलले की मोठ्याने. ज्याने गाठ मारली त्यानेच सोडायची, ही चाल आहे, म्हणाले. हात वर करून मोजायचं नाही, कौलही नाही. गाऱ्हाणं आत्मारामाने घातलं होतं. सोडायचं असेल तर तोच सोडील.

मला वाटलं, संपलं. आत्माराम खोक्यापाशी येऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "न बघता सोडूचंय नाय. आणि न बघता नाय पण म्हणूचंय नाय. चल गो, दाखय."

सगळा गाव शेडकडे निघाला. पारदर्शक पत्र्यांवर गड्यांनी होड्यांची ताडपत्री ओढली, तशी भरदिवसा आत संध्याकाळ झाली. दर्शनाने चारही दिवे ओळीने टांगले. जागा झाली तेवढे आत, बाकीचे दारांत. आत्माराम टाकीला लागून उभा होता.

तिने आधी पांढरा उजेड लावला. पुरा. का लावला ते मला तेव्हा कळलं नाही. शेड धुऊन निघाल्यासारखी झाली, लोकांचे चेहरे पांढरेफटक दिसले, पुढचे मागे सरले. आत्मारामाचा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला.

"ह्योच तो उजेड," दर्शना म्हणाली. "मी लपवणंय नाय. ह्यो पण थोडो लागतलो."

मग तिने तो हळूहळू खाली आणला आणि निळा वर चढवला. टाकीत काहीतरी झालं. काच होती, पाणी होतं, तळाशी तेच तपकिरी तुकडे होते, पण सगळं खोल गेलं. काचेच्या पलीकडे उभी असलेली माणसं आता खूप लांब वाटू लागली.

आत्माराम वाकला. जवानीत तो अडकलेले नांगर सोडवायला, खडकात गुंतलेली जाळी काढायला बुडी मारायचा. गावात त्याच्याइतका खोल जाणारा कोणी नव्हता. हात गेल्यापासून तो कधी पाण्याखाली गेला नव्हता. त्याने काचेला कपाळ टेकवलं. किती वेळ तसा होता कोण जाणे.

"खडकाकडे होडी धरून मोजलेला ऊन," त्याने न वळता विचारलं, "ता ह्या?"

"ताच, काका. त्येच्याहून चढ नाय. आणि पयल्या दिसांत अर्धाच देतलंय. उपाशी माणसाक एकदम भरला ताट वाढतत काय?"

तो ताठ उभा राहिला. "एक सांग. ह्या उजेडार मासो येतलो?"

 गावाला हेच विचारायचं होतं. नाही म्हणाली असती तर गाठ तिथल्या तिथे सुटली असती, आणि कोण टाकीत उतरून पडताळणार होतं.

"येतलो," दर्शना म्हणाली. "उजेडाक मासो भुलतलोच. ह्यो बघा, इलो पण. हयसर जाळा नाय, इतक्याच."

खरंच, टाकीतले दोन पट्टेरी मासे दगडामागून निघून उजेडाखाली येऊन उभे राहिले होते.

आत्मारामाने वहाणा काढल्या आणि नारळ मागितला. कोणीतरी धावत जाऊन आणला. त्याने तो डाव्या हातावर घेतला, उजवा वरून टेकवला, आणि टाकीपुढे, देवळाच्या दिशेला तोंड करून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाये पावणाई, दर्यार दिलेला वचन आसा तसा आसा. ता आमी सोडणव नाय."

व्हय म्हाराजा, पुरुषांनी म्हटलं.

"नांगरांनी मोडलेली तुझी लेकरां ह्या चेडवान हयसर आणून ठेवली. त्येंका ऊन व्हया. ह्या दिव्याचा त्येंका ऊन कर."

व्हय म्हाराजा. आता आवाज मोठा होता.

"आणि ह्या दिव्याचा निमित्त सांगान कोणी दर्यार दिवो पेटवलो, तर त्येचो जाब पयलो माझ्याकडसून घे. माझ्या एकट्याकडसून घे."

कोणी काही बोललं नाही.

दिव्याबद्दल आता कोणाच्या मनात अढी नव्हती, ते मला दिसत होतं. पण ह्या बोलाला हो म्हणायचं म्हणजे आत्मारामाच्या डोक्यावर देवीचा जाब ठेवायचा. आधीच एक हात दिलेल्या माणसाच्या. त्याच्या विरोधात उभे राहिलेले तरुण गडीही खाली बघत होते. आणि उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. नारळ फुटत नाही. आत्माराम नारळ धरून उभा होता. दर्शना हात जोडून उभी होती. ती कोणाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. तिला जे मागायचं होतं ते तिने मागून झालं होतं.

आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका उत्तर देत नाहीत. मागे उभं राहायचं, हात जोडायचे. ती चाल कोणी घातली ते मला माहीत नाही, आणि त्या क्षणी ती मला आठवलीही नाही.

"एकट्याकडसून नाय," मी म्हणाले. "आमच्या सगळ्यांकडसून घे. व्हय म्हाराजा."

आत्मारामाने वळून बघितलं. माझ्या शेजारच्या बांगडेवालीने म्हटलं, व्हय म्हाराजा. मग मागच्या सगळ्या बायकांनी, मग दारातल्यांनी, मग पुरुषांनी. फोंडूआबांना काय चाललंय ते उशिरा कळलं, त्यांनी सगळ्यांच्या नंतर एकट्याने, सगळ्यांहून मोठ्याने म्हटलं. नारळ फुटला.

पथक दिवाळीनंतर आलं. तोवर तळाचे तुकडे तपकिरीचे हिरवे झाले होते, एक तर जांभळा निघाला. त्यांतले कितीतरी आता आमच्या खडकावर परत गेले आहेत आणि रुजले आहेत. मोरवेळच्या होडीवर तो दिवा आजवर चढलेला नाही. दर्शनाला त्यानंतर पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी बोलावलं, हारतुरे झाले, फोटो आले. ते मी पेटीत ठेवले आहेत. पण कोणी मला विचारलं, की म्हातारे, पोरीचा अभिमान तुला कधी वाटला, तर मी त्या दिवशीचीच गोष्ट सांगते.

शेडमध्ये आवाज अजून घुमत होता. लोक एकमेकांना खोबरं वाटत होते, गडी आत्मारामाच्या पाया पडत होते, बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. मी दर्शनाला शोधत होते. वाटलं, रडत असेल कुठे कोपऱ्यात, जवळ घ्यावं. ती शिडीवर होती. दोन नंबरच्या दिव्याची साखळी खाली घेत होती, तोंडात स्क्रू धरलेला, नजर तळाकडे.

"मधल्या दगडार सावली पडता, आये," ती म्हणाली. "जरा शिडी धर."

मी शिडी धरली.